हात लागला की थांबतो

पांढरं टोपण — बोटाच्या पेराएवढं, कडेला केसासारखी प्लास्टिकची कोर राहिलेली — हवेतच थांबलं होतं आणि सुषमा त्याच्याकडे बघत राहिली होती. कारण ते धरणारा यंत्राचा हातही तसाच थांबला होता, आणि त्या हातावर हिराबाईचा तळवा होता. हिराबाईने तळवा उचलून कपाळाला लावला. पाय लागला होता तो खालच्या स्टँडला, नमस्कार मात्र वरच्या हाताला... हलतं तिथे जीव, असा तिचा हिशेब असावा.

"हिराबाय, सकाळपासून सांगते ना, हात नको लावू त्याला."

"पाय लागला बाय. मग तसंच जाऊ?"

सुषमाने पडद्यावरचं बटण दाबलं, यंत्र पुन्हा हललं, टोपण खोक्यात पडलं. टेबलाशी बसून टोपणांची कोर काढणाऱ्या बाकीच्या तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. सुषमालाही हसू येत होतं, पण ती सुपरवायझर होती आणि संध्याकाळी तिला उत्तर द्यायचं होतं.

यंत्रं विकायला वापीहून आलेल्या मनिषभाईंनी हे यंत्र आठवडाभर बघायला म्हणून ठेवलं होतं. माणसांच्या शेजारी उभं राहून काम करणारं, जरा धक्का लागला की थांबणारं, पण हळू. त्यांच्याकडचं दुसरं मोठं, जाळीच्या पिंजऱ्यातलं, वेगाने कामाचा फडशा पाडणारं. पिंजऱ्याला जागा लागणार, म्हणजे टेबल जाणार, आणि टेबलाबरोबर या चौघी. पण हे हळू घेतलं आणि माल वेळेवर गेला नाही, तर ऑर्डर जाईल, मग तलासरीतला हा कारखाना कोणासाठी चालणार? शेठ म्हणाले होते, लाईन तू बघतेस, दोन्हींतलं कुठलं घ्यायचं तूच सांग. विश्वास म्हणून म्हणाले, की उद्या बायका ओरडल्या तर नाव तिचं यावं म्हणून — हे मात्र तिला उमगत नव्हतं.

पिंजराच सांगायचा, असं तिने सकाळी येतानाच ठरवलं होतं. मग दिवसभर ती या हळूबाईलाच का बघत होती?

थांबतं म्हणजे नेमकं काय होतं त्याच्या आत? मनिषभाई म्हणाले होते, "त्याला कळत काहीच नाही, सुषमाबेन. जोर लागला की बंद, बस." आणि तिला आठवलं खळं... भाताच्या पेंढ्यांवर गोल फिरणारे बैल, आणि दाणे वेचायला मध्येच घुसलेली ती, एवढीशी. वर बघते तर बैलाचा खूर तिच्या बोटांवर, टेकलेला नाही, अधांतरी. हाकणारे तिचे बाबा, भिका त्यांचं नाव, पांढरेफटक पडले होते. नंतर म्हणाले, त्याला कळतं. — कळलं होतं का बैलाला? की सवय? आणि कळणं म्हणजे तरी थांबण्यापेक्षा वेगळं काय असतं? माणसं एवढी कळती, ती कुठे थांबतात हात लागला की?

पाळी सुटली. चौघी चपला घालून निघाल्या. हिराबाईने जाताना लांबूनच हात जोडले, शहाण्या मुलीसारखे. शेवटचं खोकं सरकवायला सुषमा वळली, आणि तिचाच पाय स्टँडला लागला. आपसूक वाकून तिने हात पुढे केला. यंत्र थांबलं. गार होतं ते, आत कुठेतरी बारीक थरथर चालू होती.

दारातून मनिषभाई म्हणाले, "काय ठरलं, बेन?"

पिंजरा, हा शब्द तोंडाशी तयार होता.

"ते मोठं," ती म्हणाली, "त्याला कसं थांबवायचं?"

"बाहेरून. लाल बटण आहे ना."

"आणि आत कोणी असलं तर?"

"आत कोणी असायचंच नाही. त्यासाठीच तर पिंजरा." ते हसले. "मग? शेठना काय सांगू?"

तिने यंत्रावरचा हात काढला नाही. हायवेवर अच्छाडकडे जाणारे ट्रक घरघरत होते. पडद्यावरचं बटण दाबायचं राहिलंच होतं. हात कपाळाला न्यायचाही राहिला होता. सकाळी येताना सगळं ठाऊक असलेली ती बाई कुठे गेली, याचं तिला नवल वाटलं, आणि तळव्याखाली ते यंत्र अजून तिच्यासाठी थांबलेलंच होतं.