तीन बोटं लांब पँट

गल्लीत लहानथोर सगळे तिला ताई म्हणत. तिच्याहून तीन वर्षांनी थोरला असलेला दादासुद्धा. पण ते नाव मुळात पाडलं टिंगूने, धाकट्या भावाने. तो युद्धात बेपत्ता झाला त्याला आता एक्कावन्न वर्षं झाली होती.

त्या सकाळी लष्कराच्या शोध कार्यालयातून एक तरुण डॉक्टरीण घरी आली. आजार तपासणारी नव्हे, हाडं ओळखणारी. दादाच्या औषधांच्या बाटल्या बाजूला सारून तिने टेबलावर एक पाकीट ठेवलं. आत पत्र्याचा बिल्ला होता, त्यावर टिंगूचा नंबर.

"डोंगरातला रस्ता रुंद करताना तीन जणांची हाडं सापडली. हा एकाजवळ होता," ती म्हणाली. "पण आजी, तो तुमचा भाऊ नाही."

"बिल्ला त्याचा आणि हाडं दुसऱ्याची? असं कसं ग बाई?"

"धावपळीत बिल्ले इकडचे तिकडे होतात. भरतीच्या कागदावर तुमच्या भावाची उंची पाच फूट सात आहे. शिवाय डाव्या खांद्याचं कॉलरबोन लहानपणी मोडून जुळलेलं. ही हाडं पाच फूट तीनच्या माणसाची आहेत आणि कॉलरबोन धड आहे."

"मग ते लाळबिळ तपासतात ना? टीव्हीवर दाखवतात."

"हाड इतकं झिजलंय की तपासणी एकदाच होईल. ज्या घराचे कागद जुळतील त्याच घरासाठी ती राखून ठेवायची, असा नियम आहे. तुम्ही इथे सही केलीत की तुमच्यापुरता हा विषय संपला. जुळणारं घर नाहीच मिळालं, तर अनामिक सैनिकांबरोबर पुरतील त्याला."

ताईला हसू आलं. "पाच फूट सात? आमचा टिंगू? अहो, वरच्या फळीवरचा डबा काढायला तो स्टुलावर पाट ठेवायचा! पाच-सात म्हणजे हा आमचा..."

ती थांबली. एरवी तिचं प्रत्येक वाक्य मधेच तोडणारा दादा आज पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसत होता.

बारा वर्षांचा असताना दादा शाळेच्या भिंतीवरून पडला होता. हात गळ्यात, आणि त्याला भरवायचं काम ताईकडे. घास लहान झाला की ओरडायचा, मोठा झाला की थुंकायचा. आणि टिंगूचं कॅम्पातलं ते पहिलं पत्र! "इथे म्हणे मापाप्रमाणे गणवेश देतात, पण माझी पँट तीन बोटं लांब. दुमडून घालतो. सुट्टीवर आलो की आखूड करून दे, ताई." आई ते पत्र आल्यागेल्याला वाचून दाखवायची आणि लष्कराच्या शिंप्याला नावं ठेवायची. बिचाऱ्या शिंप्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याने कागदावरचं माप धरलं होतं.

"दादा, बटणं काढ."

"कसली?"

"शर्टाची. वरची तीन."

"ताई, आता कशाला उकरतेस..."

"आता नाही तर कधी? ती सही घ्यायला बसलीय!"

दादाने बटणं काढली. डाव्या बाजूला गळ्याखाली गोटीएवढा उंचवटा होता. डॉक्टरणीने त्यावर बोट फिरवलं आणि पेनाला टोपण लावून टाकलं.

"भरतीला पाच-चार उंची लागायची," दादा कुणाकडेच न बघता म्हणाला. "त्याला एक इंच कमी पडत होता. रडला माझ्यापुढे. दारात तीनशे पोरं, ना फोटो, ना काही, हातात नुसती नावाची चिठ्ठी. त्याची चिठ्ठी घेऊन मी आत गेलो. तो बाहेर चहाच्या दुकानात दडून बसला."

"आणि पुढे कुणी मोजलं नाही?" डॉक्टरणीने विचारलं.

"शिक्का बसल्यावर कोण मोजतंय?"

"आईला सांगायचं होतंस," ताई म्हणाली.

"काय सांगू? मीच पाठवला म्हणून? ती ताट वाढताना म्हणायची, एक तरी माझ्यापाशी राहिला. मी मान खाली घालून जेवायचो." मग त्याने डॉक्टरणीकडे पाहिलं. "आता मला धरून नेणार का?"

"वय काय तुमचं, आजोबा?"

"पंच्याहत्तर."

"मग आधी या खांद्याचा एक्स-रे काढू. धरायचं नंतर बघू."

तिने दोघांच्याही गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नेली. त्यानंतर दोन आठवडे ताई दादाशी कामापुरतंच बोलली. औषध घेतलंस का, दार लाव, एवढंच.

चौथ्या महिन्यात फोन आला. जुळलं होतं.

पेटीत हाडांबरोबर नवा गणवेश ठेवायची लष्कराची पद्धत. ज्यांना हवा असेल त्यांच्याकडे तो आधी पाठवतात. ताईने मागवला. फाइल दुरुस्त व्हायला अजून अवकाश होता, त्यामुळे आला तो पाच फूट सातचाच.

ताईने खडू आणि सुई काढली. दोरा ओवायला दादाला बसवलं. पाचव्या खेपेला जमलं.

"उभा राहा आणि कमरेशी धर," ती म्हणाली. "मला खाली नीट दिसत नाही."

दादाने पँट कमरेशी धरली. ती त्याच्या घोट्यापर्यंत अगदी बरोबर आली. दोघांनीही ते पाहिलं.

"हलू नकोस," म्हणत ताई खाली बसली, तीन बोटं मोजली आणि खडूने रेघ ओढली.