बोयानाच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ

रुम्यानाच्या बेकरीतून मुलाचा पाव घेतला, की व्हिडिओ फुकट, असा गावात शिरस्ताच होता. मूल चालायला लागलं, की पांढऱ्या कापडावरून गोल पाव घरंगळत सोडायचा. मूल त्यामागे दुडुदुडु धावणार आणि टोकाला मांडलेल्या वस्तूंतली जी उचलेल, तो त्याचा पुढचा धंदा. परवा बोयानाने कात्री उचलली. पावावर कणकेत तिचं ठसठशीत नाव, खाली जन्मतारीख. रुम्यानाने हौसेने सगळं इंटरनेटवरच्या बेकरीच्या पानावर टाकलं. बाई मनाची सोन्यासारखी, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही.

आज सकाळीच बोयानाची आई इस्क्रा तिला कडेवर घेऊन आली. हातात वकिलाने दिलेला कागद.

"मावशी, तो व्हिडिओ काढा. आईला विचारल्याशिवाय लेकराचं नाव, चेहरा असं टाकता येत नाही. कायदा आहे."

"आता पावालाही कायदा!" रुम्याना फणकारली. "बारा वर्षं टाकतेय. कुणाचं काय बिघडलं गं?"

"हिचा बाप आम्हाला शोधतोय," इस्क्रा हळू आवाजात म्हणाली. "कोर्टाने लांब राहायला सांगितलंय त्याला. मागच्या वेळी माझे दोन दात पाडले. म्हणून तर कुणाला पत्ता न देता इथं आले."

रुम्यानाने पिठाच्या हातानेच फोन उचलला आणि व्हिडिओ पुसून टाकला. इस्क्रा मटकन खुर्चीत बसली. "देव तुमचं भलं करो," म्हणाली.

रुम्याना मात्र फोन हातात धरून उभीच राहिली. काल संध्याकाळी व्हिडिओखाली कुणीतरी विचारलं होतं, किती गोड पोर, कुणाची? नवं गिऱ्हाईक समजून तिने कौतुकाने सगळं लिहिलं होतं. व्हिडिओबरोबर तेही आता पुसलं गेलं होतं. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"पोरी, त्याचं नाव काय?"

"प्लामेन."

कालच्या त्या प्रश्नावरही हेच नाव होतं. रुम्यानाने दुकानाचं दार आतून लावलं.

"मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण आज घरी जाऊ नकोस. पोलिसांना फोन लाव, काय ते मी सांगते. औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतात, असं मीच लिहिलं त्याला. तू तीनला कामावरून सुटतेस, तेसुद्धा."

इस्क्राने बोयानाला छातीशी घट्ट धरलं. "वाचलं त्याने?"

"वाचलं." रुम्यानाला रडू आवरेना. "आभारी आहे मावशी, म्हणाला."