निळे पट्टे

संध्याकाळी साडेसातला, तिसऱ्या घंटेच्या आधी, अजेय विंगेत आला तेव्हा त्याच्या शर्टावर कार्यकारिणीचा केशरी बिल्ला होता.

ऋताने आधी बिल्ल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हा कधी मिळाला?"

"काल. श्यामकाका म्हणाले, कमिटीत यंग लोकांचा पण एक माणूस पाहिजे." त्याने आवाज खाली आणला. "ऐक ना. शेवट तो दुसरा करू. सगळे मुक्त होतात, तो."

कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या त्या हॉलमध्ये मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचा चौथा दिवस होता. नाटक ऋताने लिहिलं होतं. एका शहरात प्रत्येकाच्या मनगटाला लाल पट्टा असतो. कोण कुठे आहे, ते सरकारला त्यावरून कळतं. एक मुलगा आपला पट्टा तोडतो. लोक त्याच्यामागे उभे राहतात, सरकार पडतं. मग तोच मुलगा खुर्चीवर बसतो आणि सगळ्यांना निळे पट्टे बांधायला सांगतो. लोक जागच्या जागी उभे राहतात, हात पुढे करत नाहीत. पडदा.

"गणपतीसमोर हे असलं कशाला? जिंकू देत की पोरांना," असं मंडळाचे अध्यक्ष श्यामराव म्हणाले होते. त्यावर अजेयनेच सभेत उठून सांगितलं होतं, की शेवट बदलला तर एकही मूल स्टेजवर जाणार नाही. त्याचं मराठी मोडकं होतं, पण कोणी हसलं नाही. नंतर गेटबाहेर मुलांनी त्याला पोट फुटेपर्यंत फुचका, म्हणजे तिथली पाणीपुरी, खाऊ घातली होती.

"तूच म्हणालास ना, बदलला तर करायचं नाही?"

"तेव्हा ते ऐकत नव्हते. आता ऐकतात. पुढच्या वर्षी अख्खा प्रोग्राम आपला. एक शेवट तर आहे, बाबा!"

"नवी ओळ पाठ केलीस?"

"तू आहेस की," तो हसला.

मंडळात कोणतंच मूल संवाद पाठ करत नसे. शाळा इंग्रजीत, खेळ बंगालीत. मराठी घरात, तेही बहुधा आई रागावली की. त्यामुळे विंगेतून प्रॉम्प्टर बोलायचा आणि मुलं त्याच्यामागून बोलायची. वडिलांची बँकेतली बदली होऊन नागपूरहून आलेली ऋता दोन वर्षं हे काम करत होती. लहान मुलं तिला अर्थही विचारत नसत. ती म्हणेल ते म्हणायचं, बस म्हणाली की बसायचं.

श्यामराव विंगेत डोकावले. "ठरलं ना गं?"

ऋताने मान डोलावली. काय ठरलं, ते त्यांनी विचारलं नाही.

नाटक चांगलं चाललं. लाल पट्टा तुटला तेव्हा टाळ्या पडल्या. अजेय खुर्चीवर जाऊन बसला. बिल्ला काढायचा राहिला होता, पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अरे, हा तर आपल्याच कमिटीचा!" थोडा हशा झाला.

अजेयने विंगेकडे पाहिलं.

"आता सगळ्यांनी निळे पट्टे बांधा," ऋता म्हणाली.

नवी ओळ तिने दिली नाही, आणि त्याला ती येत नव्हती. त्याने नकारार्थी मान किंचित हलवली. ऋताने तीच ओळ पुन्हा म्हटली, या वेळी मोठ्याने. ती प्रेक्षकांतही ऐकू गेली असावी. पुढच्या रांगेत श्यामराव खुर्चीत पुढे सरकले.

स्टेजवरच्या मुलांच्या रांगेच्या टोकाला आठ वर्षांची केतकी उभी होती. तिने अजेयकडे पाहिलं, मग विंगेकडे, आणि आपला हात पुढे केला. तिच्या शेजारच्याने केला. मग बाकीच्या चौघांनी.

तालमीत असं कधी झालं नव्हतं. हात खुर्चीच्या दिशेने नव्हते. सहाही मनगटं विंगेकडे होती.

ऋताच्या हातातले कागद खाली आले. मुलं तिच्या ओठांकडे पाहत होती. अजेयही.

पडद्याची दोरी धरून उभ्या असलेल्या मंगलाकाकूंनी हळूच विचारलं, "ऋता, आता काय करायचं? पाडू?"

ऋताने तळहात तोंडावर घट्ट धरला होता. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. हात कोणी खाली घेतले नव्हते, आणि पडदा उघडाच होता.