टाळ्या बाटलीला, शिव्या मला

मित्रांनो, मी एक जुना इंटरकूलर आहे आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. जानेवारी होता, म्हणजे केप टाउनचा भर उन्हाळा, डांबर चपलेला चिकटत होतं, आणि त्या दुपारी माझ्या अंगावर इतकं हिम साचलं की समुद्रावरून एक पेंग्विन चालत आला आणि माहेरी आल्यासारखा माझ्यासमोर बसला. हसा खुशाल. मला सवय आहे. फाईकच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला एका गंजक्या खिळ्यावर मी टांगलेला आहे. तोंडाला त्या दिवसाची, नळी आवळायची क्लिप अजून लोंबते आहे, फटींत चिमण्यांनी काड्या कोंबल्या आहेत. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फाईक माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, "ह्यानं ऐन वेळी दगा दिला."

दगा! मी!

आधी माझं काम समजून घ्या, कारण ते समजून न घेताच लोकांनी मला शिव्या घातल्या. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप कसा तापतो, पाहिलंय ना? टर्बो म्हणजे तसाच एक राक्षसी पंप. तो इंजिनात हवा कोंबतो आणि कोंबता कोंबता तिला भाजून काढतो. तापलेली हवा विरळ असते, इंजिनाचं तिनं पोट भरत नाही. म्हणून ती आधी माझ्या पोटातून जाते. मी गाडीच्या पुढच्या जबड्यात छाती काढून उभा, समोरचा वारा अंगावर घ्यायचा आणि आतली हवा थंड करून पुढे धाडायची. गाडी धावत असेल तोवर मला कुणाच्या उपकाराची गरज नसते. पण शर्यतीच्या रांगेत गाडी उभी, इंजिन चालू, वारा नाही, वरून ऊन. तिथे मीही तव्यासारखा तापतो. मी धातूचा आहे, जादूचा नाही.

फाईकनं मला भंगारातून उचललं, घासलं, फुटलेली कड सांधली आणि आपल्या चौकोनी जुन्या गाडीला लावलं. त्या दिवसांत तो मला मऊ फडक्यानं पुसायचा. "माझं काळीज आहे हे," म्हणायचा. हात त्याचे सोन्याचे, हे मी रागातही नाकारणार नाही. पण एक खोड भारी वाईट. कौतुकाची हाक आली की हातातलं काम जिथल्या तिथे टाकून पळायचा. अर्धा लावलेला रंग, नटबोल्टांच्या अर्ध्या पिळलेल्या चाक्या, सगळ्या गल्लीत त्याच्या अर्धवट कामांची प्रदर्शनं.

त्याची धाकटी बहीण रुगाया. थोरला म्हणून ती त्याला बूता म्हणे, आणि त्या एका शब्दात आदर सोडून बाकी सगळं भरे. तिला गाडी चालवायची होती. गल्लीत नव्हे, शहराबाहेरच्या शर्यतीच्या त्या सरळ पट्टीवर, शेजारी दुसरी गाडी आणि समोर सुटायचा इशारा देणारी दिव्यांची माळ असताना.

"बूता, ब्रेक मी भरायचे, तेल मी बदलायचं आणि सीटवर तू बसून मिशीला पीळ द्यायचा?"

"तुझे पाय तरी पोचतात का पेडलला?"

"पाय पोचतात. तुझं पोट मध्ये येतं म्हणून तुला दिसत नाहीत."

शेवटी फाईकनं शब्द दिला. येत्या शर्यतीत त्याच्यापेक्षा कमी वेळ काढला तर सीट कायमची तिची. नाही काढला तर पुन्हा नाव काढायचं नाही. पोर आठवडाभर धड जेवली नाही. मुईना मावशीनं समोर ठेवलेली अकनीची, त्या मसालेदार मटणभाताची, ताटली तशीच परत जायची.

आणि तेवढ्यात फाईकच्या डोक्यात ती बाटली शिरली.

त्यांच्या बापाचं कोपऱ्यावर दुकान. तिथल्या सोड्याच्या मशीनला गॅसची लोखंडी बाटली लागते. आत कार्बन डायऑक्साइड, दाबून दाबून पाण्यासारखा द्रव केलेला. फाईकनं कुणाकडून तरी ऐकलं होतं की हा गॅस इंटरकूलरवर फवारला की तो क्षणात गार पडतो. मग काय! भोकं पाडलेली तांब्याची नळी माझ्या छातीसमोर वाकवून बसवली आणि बाटली उभी ठेवून तोटी उघडली. नुसती फुसफुस. उभ्या बाटलीतून वरचा वाराच येतो, खाली बसलेला द्रव गॅस येत नाही, हे त्याला दोन दिवसांनी कळलं. मग त्यानं बाटली उलटी केली आणि कुठे बांधली असेल? रुगायाच्या सीटमागे! गाडीच्या आत! जुन्या पट्ट्यानं करकचून. आणि नळीच्या जोडावर नवा वायसर टाकायचा, तर टाकला सोड्याच्या मशीनचा जुना, दबून पापड झालेला.

मुईना मावशी शर्यतीला डिकीत समोसे आणि पाकात बुडवलेले गोड कुकसिस्टर घेऊन विकायला येई. ती म्हणालीसुद्धा, "अरे, सिलिंडर काय पोरीच्या पाठीशी बांधतोस? माहेरची पाठवणी आहे का?"

"मावशी, हा पेटत नाही गं. सोड्यातला गॅस आहे. तू रोज पितेस."

"मी पिते. त्यात राहत नाही."

याहून शहाणं वाक्य त्या दिवशी त्या पट्टीवर कुणी बोललं नाही. ऐकलं मात्र कुणीच नाही.

शर्यतीपूर्वी फाईकनं माझ्या तोंडाची रबरी नळी काढून पुन्हा बसवली. स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो माझ्या तोंडाशी वाकून खटपट करत होता, ते जाऊ द्या. रुगायानं आतून बाटलीला जोडलेलं बटण दाबून फवारा सोडून पाहिला आणि मी पांढरा झालो! खरंखुरं हिम! "बर्फ! फाईक, बर्फ बघ!" लोक धावले. टाळ्या, शिट्ट्या, फोटो. मावशीनं तेलानं पोळलेलं बोट माझ्या अंगावर टेकवलं. पेंग्विन याच वेळी आला. आणि एकजात सगळे म्हणत होते काय? "काय बाटली आहे!" थरथर मी सोसली, हाडं माझी कडकडली आणि कौतुक बाटलीचं!

मग रांग लागली. आग्नेयेचा वारा सुटला होता. तो गाडीच्या बुडाखालून वाळू उडवत होता, आणि वाळू डोळ्यांत जाते म्हणून रुगायानं काचा वर केल्या. इथे माझा राग सुरू होतो, मित्रांनो. कारण मला मागून ती बारीक फुसफुस ऐकू येत होती. वायसरमधून गॅस गाडीत शिरत होता. त्याला रंग नाही. तो गुपचूप येतो आणि श्वासाची जागा बळकावतो. रांग पुढे सरकली की ती बटण दाबायची, मी पांढरा व्हायचो, लोक ओरडायचे. सगळ्यांचे डोळे माझ्या हिमावर. काचेआड घामानं थबथबलेली, धापा टाकणारी पोर एकालाही दिसली नाही. तिला वाटलं, भीती वाटतेय आपल्याला. भीती कबूल केली तर सीट जाईल, म्हणून तिनं दात आवळले आणि काच वरच ठेवली.

गाडी रेषेवर आली. डावा पाय क्लचवर, उजवा खाली दाबलेला, इंजिन किंचाळतंय, टर्बो माझ्या पोटात हवा ठासतोय. आणि तिची मान कलली. पाय क्लचवरून सुटता तर ती गाडी सुसाट सुटून कुठल्या भिंतीत शिरली असती, सांगा!

धाड!

माझ्या तोंडाची नळी उडाली. सगळी कोंबलेली हवा रस्त्यावर सांडली, इंजिन गुदमरलं. तिचा पाय घसरला, गाडीनं बेडकासारखी एक उडी मारली आणि जागीच मेली. शेजारची गाडी निघून गेली. फाईक शिव्या देत धावला. "काय केलंस गं! काय केलंस!" म्हणत त्यानं रागानं दार खेचून उघडलं, आणि रुगाया त्याच्या हातांवर कोसळली. ओठ निळे.

वाळूत आडवी केली तिला. मावशी पदरासारखी ओढणी हलवत वारा घालत होती आणि फाईककडे न बघता म्हणत होती, "राहिली ना त्यात? राहिली ना?" बऱ्याच वेळानं रुगायानं डोळे उघडले. पहिला शब्द काय? "वेळ किती आली?"

फाईक तिथेच बसला आणि ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी सीट त्यानं न मागता तिला दिली. आणि मला? मला उपटून खिळ्याला टांगलं! भावानं बहिणीला कशात कोंडलं होतं हे बोलायला जड जातं, म्हणून दगा मी दिला. ती बाटली दुकानात परत गेली. तिला रोज पुसतात. आजही रुगाया पट्टीवर जाते, नव्या इंटरकूलरनं, आणि गाडीत बसली की वाळू असो की वादळ, आधी काचा खाली करते. भिंतीकडे मात्र बघत नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, ओरडून सांगतो. गॅसची बाटली माणसाच्या बसायच्या जागेत कधी बांधू नका. जुना वायसर पुन्हा लावू नका. हिमाला टाळ्या वाजवण्याआधी काचेआडच्या माणसाचं तोंड बघा. आणि हाती घेतलेली चाकी पूर्ण पिळा! त्या दिवशी तिथे शुद्धीवर असलेला मी एकटाच होतो. मीच ओळखलं, मीच ठरवलं, आणि सगळा जोर एकवटून माझ्या तोंडाची नळी मीच...

"खोटं!"

कोण बोललं? माझ्याच तोंडाला लोंबणारी ती गंजकी क्लिप!

"पेंग्विन मी निमूट ऐकून घेतला. पण नळी तू उडवलीस? अरे, ती धरून कोण होतं? मी! फाईक मला आवळत होता, तेवढ्यात लोक 'बर्फ, बर्फ' ओरडले आणि गेला पळत फोटो काढून घ्यायला. मी ढिलीच होते!"