आऊट झालेली तुमची

त्या टीमला टीम म्हणायला जरा धाडसच लागायचं. गोदामांच्या मागच्या गल्लीतल्या अकरा मुली, दोन बॅटी, त्यातल्या एकीच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि कोच म्हणून बेकरीवाले काका. पहाटे दुकानांत पाव पोचवून झाले की काका रिकाम्या व्हॅनमध्ये सगळ्यांना कोंबायचे आणि मॅचला न्यायचे. कॅप्टन होती ताई. खरं तर ती ताई एकट्या बारकीची. पण तिच्यापेक्षा मोठ्या मुलीही तिला ताईच म्हणायच्या, कारण काच फुटली की शिव्या खायला तीच पुढे असायची.

बारकीची टीममध्ये जागा नव्हतीच. एकीचा पाय मुरगळला म्हणून ताईनं ऐन वेळी तिला ओढलं. त्यांची आई लाँड्रीत इस्त्री करायची. दोघींचे पांढरे शर्ट हातात देताना ती म्हणाली, "हरा नाहीतर जिंका, मला काय त्याचं. बारकीला नीट घरी आण म्हणजे झालं."

"आणते गं. कुठं हरवतेय ती?" ताई म्हणाली.

समोरची टीम आजवर कधी हरलेली नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. त्या मुली राहतात कुठं, सराव कुठं करतात, कुणालाच सांगता येत नव्हतं. मैदान एका बंद पडलेल्या काच कारखान्याच्या मागे होतं. गवत नुकतंच कापलेलं, चुन्याच्या रेघा ताज्या, पण कापणारा-आखणारा कुणी दिसेना. एक पाखरू नाही, कुत्रं नाही. आणि ती न हरणारी टीम म्हणजे तीन मुली. एक उंच, एक बोलर, एक कीपर. सोबतीला लांब कोटातला म्हातारा अंपायर.

"बाकीच्या?" ताईनं विचारलं.

"येतीलच," उंच मुलगी म्हणाली.

मुकी फिदीफिदी हसली. मुकीला मुकी म्हणायचे, कारण तिचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं. "तिघी? यांना तर आपण चहा पिता पिता गुंडाळू!"

चहा थंड झाला, पण तिघी काही गुंडाळल्या जाईनात. काकांची स्वतःची मुलगी, जिला सगळे इंजिन म्हणत, ती धावत आली की भल्याभल्या मुली स्टंप सोडून बाजूला व्हायच्या. तिलाही या तिघी शांतपणे खेळून काढत होत्या. हसणं नाही, चिडणं नाही, घामसुद्धा नाही. वीस ओव्हरमध्ये त्यांनी दीडशेच्या वर रन केले आणि बॅट खाली ठेवली.

मग तिघी फिल्डिंगला उभ्या राहिल्या आणि एवढं मोठं मैदान ओकंबोकं दिसायला लागलं. ताईला ते बघवेना. गल्लीत त्यांची एक रीत होती. मुली कमी पडायच्या, म्हणून जी आऊट होईल तिनं समोरच्यांकडून फिल्डिंग करायची. हे इतकं अंगवळणी पडलेलं की ताईनं विचारच केला नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"तिघींनी कसं जमेल तुम्हाला? आमची आऊट झालेली तुमची, चालेल?"

उंच मुलगी दोन पावलं पुढे आली. "नक्की? आऊट झालेली आमची?"

"हो गं, तुमची. आमच्यात असंच असतं."

म्हाताऱ्या अंपायरनं मान हलवली, एखादा कागद सही होऊन हातात पडावा तशी.

पहिली आऊट झाली मुकी. बॅट ठेवून ती निमूटपणे कव्हरला जाऊन उभी राहिली. बाकावरून कुणीतरी ओरडलं, "काय गं फितूर, लगेच पलटलीस?" एरवी एवढ्यावर मुकीनं सात पिढ्यांचा उद्धार केला असता. तिनं वळूनही बघितलं नाही. पुढच्याच ओव्हरला तिनं अंग झोकून एक झेल घेतला. शर्टाला माती लागेल म्हणून कधी न वाकलेली मुकी! झेल घेऊन ती हसली नाही की ओरडली नाही. त्या झेलावर आऊट झाली होती इंजिन.

ताई पॅड बांधून काकांशेजारी बसली होती. "काका, इंजिन बघा ना कशी चालतेय. बरं वाटत नाहीये का तिला?"

काकांनी डोळ्यांवर हात धरून सीमारेषेकडे पाहिलं. इंजिननं तेवढ्यात लांबून थेट कीपरच्या हातात बॉल फेकला.

"ती होय? हात काय आहे पोरीचा!" काका कौतुकानं म्हणाले. "कुणाची गं ती?"

ताईला वाटलं थट्टा करताहेत. पण काकांना थट्टा करायची झाली की आधी त्यांच्या मिशा हलायच्या. मिशा हलल्या नाहीत.

"काका, तुमची मुलगी आहे ती."

"माझी?" काका हसले. "मला कुठलं पोरबाळ? सकाळपासून ऊन लागलंय वाटतं तुला. पाणी पी."

ताईचं धाबं दणाणलं. तिनं बाकावरच्या मुलींना विचारलं. मुकी? कोण मुकी? एकमेकींकडे बघून त्या हसल्या. ज्यांच्याबरोबर काल एका डब्यात जेवल्या त्यांची नावं त्यांना कळेनात. शब्द ताईनं दिला होता, म्हणून की काय, तिच्या एकटीच्या डोक्यात सगळ्या लख्ख होत्या.

तिची पाळी आली तेव्हा ती स्टंपकडे न जाता सरळ उंच मुलीपुढे जाऊन उभी राहिली. "माझ्या मुली परत दे."

"तूच दिल्यास ना?"

"मग मॅच सोडते मी. आत्ताच."

"सोड. आऊट झालेल्या आमच्या, राहिलेल्या तुझ्या. घेऊन जा घरी."

"आणि जिंकलो तर?"

उंच मुलीनं पहिल्यांदाच अंपायरकडे पाहिलं. "तर सगळ्या तुझ्या. पण तसं अजून झालेलं नाही."

आईला दिलेला शब्द पाळायचा तर बॅट टाकून निघायला हवं होतं. बारकी बाकावर सुखरूप पाय हलवत बसली होती. पण मुकीच्या आईला काय सांगायचं? आणि भयंकर गोष्ट ही, की मुकीची आई काही विचारणारच नव्हती. ताट एक कमी वाढेल आणि झोपेल. ताईला तेच सहन होईना. तिनं गार्ड घेतला.

ती खेळली मात्र अशी की गल्लीतल्या फुटलेल्या सगळ्या काचांचं सार्थक व्हावं. पण एका बाजूनं ती मारायची आणि दुसऱ्या बाजूनं मुली जायच्या. जाणारी प्रत्येक जण तिकडे जाऊन दुप्पट चांगली खेळायची. ताई कुठं मारते, कुठं चकते, त्यांना पाठ होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. ती नावानं हाका मारायची, लहानपणीच्या गमती सांगायची, एकीला तर चक्क शिवी दिली. त्या बॉल उचलायच्या, फेकायच्या आणि पुन्हा गुडघ्यांवर हात ठेवून वाकायच्या. मैदान आता भरलं होतं. ऊन सरत नव्हतं, नुसतं फिकट होत होतं.

शेवटी बारकी आली. पॅड तिच्या मांडीपर्यंत येत होते.

"ताई, आपण दोघीच कशाला आलो गं मॅचला?" तिनं हळूच विचारलं. "आपली बाकीची टीम?"

ताईनं तिच्या पॅडचा पट्टा घट्ट केला. "येतीलच," ती म्हणाली.

जिंकायला तीन रन हवे होते. बारकीनं डोळे मिटून बॅट फिरवली आणि देवाच्या कृपेनं बॉल लागला, फिल्डिंगवाल्या दोघींच्या मधून लांब गेला. एक रन पळत निघाला. "अजून!" बारकीच ओरडली आणि दोघी उलट्या फिरल्या. मध्यावर येता येता ताईनं पाहिलं, सीमेवर बॉल इंजिनच्या हातात होता.

इंजिनचा हात तिला माहीत होता. फेक कीपरकडेच येणार, सरळ, आणि बारकी तिकडेच पळत होती. ती पोचणार नव्हती. समोरून ती येत होती, जीभ बाहेर काढून, आनंदानं लाल झालेली. आणखी दोन पावलं टाकून ताईनं तिला ओलांडलं असतं तर ताई वाचली असती, आऊट बारकी. आणि मग संध्याकाळी घरी जाऊन आईच्या हातचं जेवायचं, आणि आपल्याला बहीण होती हे आईलाही आठवायचं नाही.

ताई जागच्या जागी थांबली.

"मागं फिर!" ती ओरडली. "बारके, परत जा, पळ!"

बारकीला ऐकायची सवय होती. ती वळली आणि पळाली. ताईही कीपरकडे वळली, पण उगाच, दाखवायला. बेल्स उडाल्या. अंपायरनं बोट वर केलं तेव्हा बारकी पलीकडच्या रेघेच्या आत बॅट टेकवून उभी होती, आऊट न झालेली. ताईच्या अंगावरचा घाम एकदम गार पडला. विसरायला होईल असं तिला वाटलं होतं. काहीच विसरायला झालं नाही.

मॅच संपल्यावर हात मिळवायची पद्धत असते. लांबच लांब रांग, आणि समोरून एकटी बारकी प्रत्येकीचा हात हातात घेत आली. मुकीचा घेतला, इंजिनचा घेतला. ताईच्या पुढे आली तेव्हा तिच्या बुटाची नाडी सुटलेली होती. ताईला सांगायचं होतं, नाडी बांध, पडशील. तोंडातून आवाज आला नाही.

"छान खेळलात तुम्ही," बारकी म्हणाली.

जन्मात कधी तिनं ताईला अहोजाहो केलं नव्हतं. ताईनं हात सोडला नाही. बारकीनंच, परक्या माणसाचा सोडवतात तसा, हसत, जरा संकोचून, हळूच आपला हात काढून घेतला.

काकांनी व्हॅन सुरू केली. एका मुलीला एवढ्या लांब आपण कशाला आणलं, याचं त्यांनाही नवल वाटत असावं, कारण त्यांनी दोनदा मागे वळून रिकाम्या फळ्यांकडे पाहिलं.

"चल गं बाळ," ते म्हणाले. "एकुलती एक लेक म्हणून आई वाटेकडे डोळे लावून बसली असेल."