शिपायाची गाठ

"बाई, यंदा मी नाय पळनार."

लाहूने हे सांगितलं तेव्हा नाटक सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती. त्याच्या अंगात खाकी सदरा, डोक्यावर लाल पागोटं. शाळेच्या मागे मी त्याच्या तोंडाला पावडर लावत होते, ती हातातच राहिली.

"पळणार नाही म्हणजे? अहो, डहाणूहून पाहुणे येऊन बसलेत!"

"बसू दे."

आमच्या नाकेपाड्यात दर जानेवारीत हा दिवस साजरा होतो. राजाचा अंमल सगळीकडून उठायच्या दीड वर्ष आधी या पाड्याने तो आपल्यापुरता उठवला. गंजाडच्या वाटेवर संस्थानचा नाका होता. कर दिल्याशिवाय लाकडाची, गवताची गाडी पुढे जात नसे. एके सकाळी तुक्याने कोयत्याने वाट अडवणाऱ्या दांड्याची दोरी तोडली, दांडा वर गेला, शिपाई पळाला. पुढे कुणी कर भरला नाही. हीच गोष्ट आम्ही करून दाखवतो. तुक्या होतो त्याचा नातू नविन. शिपाई होतो लाहू, कारण तो शिपाई लाहूचा बाप.

सव्वीस वर्षं लाहू पळतोय आणि पोरं मागून कच्चे चिकू मारतायत. एरवी हा पंचायतीचा पंप चालवणारा माणूस. पाड्याला पाणी सोडतो, कुणाचा नळ गळाला तर न बोलावता पाना घेऊन जातो. मोठ्याने बोलताना मी त्याला कधी ऐकलेलं नाही.

यंदा नाक्यावर दगड बसवायचा होता. मजकूर माझाच. शेवटची ओळ होती, 'शिपाई भिऊन पळाला.' त्यातलं 'भिऊन' मी पदरचं घातलेलं, ओळ जरा भरावी म्हणून.

"काल टेम्पोतून दगड उतरवताना वाचला मी," लाहू म्हणाला. "पळतो तवा लोक हसतात, सांजच्याला विसरतात. दगडावरचं कोन विसरनार? बाबा मरताना बोलला, लाहू, मी पळलो नाय रं. गाठ मीच सोडली."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो ना. हसले."

खरं सांगते, मला रागच आला, आणि तोही त्याच्यावरच. ऐन वेळी हे काय काढलं! "आज नाटक होऊ दे, मग बघू," मी म्हणाले. हे 'मग बघू' मी वर्गात दिवसातून वीसदा म्हणते.

तो नाक्यावर जाऊन उभा राहिला. ढोल वाजला. नविन कोयता उगारून आला, मागे पन्नास माणसं आरोळ्या ठोकत. पोरांच्या मुठीत चिकू तयार. लाहू हलला नाही. दांड्याच्या गाठीवर हात ठेवून तसाच उभा.

"काका, पळा ना!" नविन दातओठ खात पुटपुटला.

"नाय."

आरोळ्या थांबल्या. कोयता वरच राहिला. "ए लाहू, पळ की!" कुणीतरी ओरडलं. एक चिकू येऊन त्याच्या कानावर बसला. आता हाणामारी होणार, आणि ती माझ्या नाटकात!

"नविन, तुज्या घरची दोरी आन," लाहू म्हणाला.

ती दोरी म्हणजे पाड्याचं दैवतच. तुक्याने तोडलेली, नविनच्या घरी जपलेली. या दिवशी ती सुपात ठेवून टेबलावर आणतात, झेंडूची फुलं वाहतात.

"ती पूजेची हाय, काका."

"उलगड. कोयत्यानं तोडली ना? कापल्याचं टोक दाखव."

पाहुणे खुर्चीतून पुढे झुकले. नविनने कोयता खाली ठेवला, फुलं बाजूला केली आणि वेटोळं सोडवलं. एक टोक बघितलं, मग दुसरं. दोन्हीकडे दोरी वळणाऱ्याने मारलेल्या बारीक गाठी जशाच्या तशा होत्या. मध्ये कुठे काप नाही. होता तो फक्त एक जुना पीळ, जिथे कधीतरी खुंट्याची गाठ बसलेली. अकरा वर्षं मी स्वतः त्या दोरीला कुंकू लावते आहे. आणि मी म्हणे शिक्षिका!

नविनचा चेहरा उतरला. "म्हंजे माझा आजा खोटा?"

"नाय रं," लाहू म्हणाला. "तुजा आजा कोयता घेऊन आला, ते खरंच. बाबाकडं शिट्टी व्हती. वाजवली असती तर चौकीवरून शिपाई आले असते. बाबानं शिट्टी खिशातच ठेवली, गाठ सोडली."

लाहूने वाकून नाटकातल्या दांड्याची गाठ सोडली. दांडा करकरत वर गेला. टाळी कुणी वाजवली नाही. त्याने पागोटं काढून खुंट्यावर ठेवलं.

"बाई, चार वाजले. पानी सोडायचंय."

"आता अनावरण ना?" पाहुण्यांनी मला विचारलं. मी दगडावरच्या कापडाचं टोक मुठीत घट्ट धरून उभी राहिले, आणि नाही म्हणाले. दगड पुन्हा कोरावा लागेल, असंही सांगितलं.

पोरांच्या मुठीत चिकू तसेच होते. सव्वीस वर्षं ज्या वाटेने तो पळत गेला, त्याच वाटेने लाहू दांड्याखालून चालत गेला.