नवा मासा सोडण्याआधी

नानांनी चहाच्या गाळणीनं तिसरा मासा बाहेर काढला. लाल होता. म्हणजे काल संध्याकाळपर्यंत लाल होता. आता त्याला शेपटी नव्हती, एक डोळा नव्हता आणि रंग भिजलेल्या लग्नपत्रिकेसारखा झाला होता. नानांनी तो वर्तमानपत्रावर ठेवला, हात पुसले, चष्मा लावला आणि खाटेच्या उशाशी असलेलं रजिस्टर उघडून लिहिलं : ‘बुधवार, स. ६:५५. नवा क्र. ३ बंद पडला.’

“ज्योती, ही गाळणी धुऊन टाक.”

ज्योती ओट्याशी उभी होती. तिनं गाळणी बघितली, मासा बघितला आणि उतरवलेला चहा न गाळताच परत गॅसवर ठेवला.

“मासे काढायला जाळी आहे ना, नाना.”

“जाळीला लांब दांडा आहे. दांड्यानं दगड हलतात.”

दगड हलता कामा नयेत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ते नानांनी तापीच्या पात्रातून स्वतः निवडून आणले होते आणि टाकीत असे रचले होते की मधोमध एक गुहा तयार व्हावी. गुहेत निळा राहायचा. वीतभर लांब, अंगावर काळे पट्टे, आणि निळा असा की हॉलमध्ये ट्यूबलाइट लावली नाही तरी चालेल. निळ्याला गुहा सोडून कुठं जावं लागत नसे. तिथून त्याला चारही कोपरे दिसत.

नाना दीपनगरच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये होते. निवृत्तीच्या दिवशी लोकांना घड्याळ मिळतं, शाल मिळते. नानांच्या शिफ्टनं त्यांना चार फुटी काचेची टाकी दिली, आता बघायला मीटरचे काटे नसतील तर माणूस बघणार काय, म्हणून. जळगावच्या घरात नानांनी टाकी हॉलमध्ये ठेवली, टाकीशेजारी खाट टाकली, आणि खाट अशी टाकली की पडल्या पडल्या पुढचं दार, स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणीघराचं दार असं तिन्ही दिसावं. नोंदी करायची सवयही त्यांनी सोडली नाही. रजिस्टरात दर पानाच्या तळाशी दोन रकाने आखलेले होते : ‘चार्ज दिला’ आणि ‘चार्ज घेतला’. घरात दुसरी शिफ्टच नसल्यामुळे दोन्हीकडे नाना स्वतःच सही करायचे.

मुलाच्या, प्रेमराजच्या, पहिल्या बायकोविषयी, दीपमालेविषयी, त्या रजिस्टरात एकही वाकडा शब्द नव्हता. ‘भात सैल.’ ‘फोन, २२ मिनिटे.’ ‘दार जोरात लावले.’ अशा फक्त नोंदी होत्या, अकरा महिन्यांच्या. बाराव्या महिन्यात ती चोपड्याला भावाच्या लग्नाला गेली. लग्न झालं, हळद उतरली, मांडवाचे बांबू परत गेले. ती काही आली नाही.

ज्योतीला, दुसरीला, येऊन पाच महिने झाले होते. आली तेव्हा ती घरात गाणं म्हणायची. आता फ्रिजच्या मागं दीड फुटाची जागा होती, खाटेवरून न दिसणारी, तिथं ती उभ्यानं चहा प्यायची. मागच्या आठवड्यात तिची बॅग माळ्यावरून खाली आली होती. धूळ पुसायला, असं ती म्हणाली. धूळ पुसून झाली तरी बॅग खालीच होती. प्रेमराज रोज रात्री झोपताना त्या बॅगेकडं बघायचा, आणि सकाळी उठल्यावर पहिल्यांदा परत तिकडंच.

“रविवारी चौथा आणू,” नाना म्हणाले. “या वेळी पिवळा.”

“परत मारेल निळा,” प्रेमराज म्हणाला.

“मारत नाही रे कोणी. नव्यानं जरा दमानं घ्यायला पाहिजे. आल्या आल्या मधोमध पोहायचं म्हणजे काय?”

रविवारी तिघं नवीपेठेतल्या रतिलालच्या दुकानात गेले. रतिलाल गेली वीस वर्षं मासे विकत होता आणि त्यामुळं गिऱ्हाइकाकडंही काचेपलीकडं बघावं तसा बघायचा.

“या नाना. तिसराही गेला?”

“तुझा मालच कच्चा.”

“माल पक्का शे, नाना. हे सिक्लिड जातीचे. यांना आपलं बोअरचं पाणी मानवतं. ज्या पाण्यानं माणसाचे केस गळतात, त्यात यांचे रंग खुलतात. पाण्यानं नाही मरत हे.” त्यानं टाकीवर बोट वाजवलं. “तुम्ही रंग बघून नेता. सगळेच रंग बघून नेतात. स्वभाव कोण बघतं?”

“पाण्यात स्वभाव कसा दिसणार?”

रतिलालनं चिमूटभर दाणे टाकले. गर्दी वर धावली, एकमेकांना ढुशा दिल्या. एक पिवळा, कडेला काळी रेघ असलेला, खालीच थांबला. दाणा बुडून त्याच्यासमोर आला तेव्हा त्यानं तो घेतला.

“असा दिसतो. खायला घालायचं आणि बघायचं.”

“तो घ्या,” ज्योती म्हणाली. पाच महिन्यांत तिनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. नानांनी तिच्याकडं बघितलं. ती दुकानाबाहेरच्या रस्त्याकडं बघू लागली.

पिशवीत पाणी भरता भरता रतिलाल म्हणाला, “आता ऐका. नुसता नेऊन सोडू नका. तुमचा निळा वाईट नाही. त्याला फक्त वाटतं की टाकी त्याची आहे. आधी त्याला पोटभर खायला घाला. दिवा बंद करा, अंधारच ठेवा. मग बठ्ठे दगड हलवा. एकही जागच्या जागी नको. त्याला आपलं घरच ओळखू आलं नाही पाहिजे. मग सोडा नवा. दोघं सारखेच नवे.”

“हा काय न्याय झाला?” नाना म्हणाले. “त्यानं काय केलं? जुना आहे तो.”

“म्हणून तर.”

प्रेमराज पाण्याची पिशवी दोन्ही हातांत धरून उभा होता. एरवी तो फारसा बोलत नसे.

“किती दिवस लागतात?” त्यानं विचारलं.

“कशाला?”

“विसरायला.”

“आठवडाभर बघायचं,” रतिलाल म्हणाला. “सुधरला तर ठीक. नाही तर त्याला काढून वेगळ्या टाकीत ठेवायचं. एकटाच. त्यात त्याला काही त्रास नसतो. मारायला कोणी नसतं, एवढंच.”

प्रेमराजनं मान हलवली. रतिलालनं सांगितलेलं सगळं त्यानं मनात पाठ केलं असावं, कारण घरी येईपर्यंत त्याचे ओठ हलत होते.

त्या संध्याकाळी नानांनी निळ्याला पोटभर दाणे घातले आणि दिवा बंद केला. पण हात पाण्यात घालवेना. शेवटी प्रेमराजनं बाह्या वर केल्या. एकेक दगड त्यानं सावकाश उचलला आणि दुसरीकडं ठेवला. गुहा नाहीशी झाली तेव्हा निळा मधोमध थांबला, एकदा स्वतःभोवती फिरला आणि जाऊन फिल्टरच्या नळीमागं उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याचा रंग निम्म्यावर आला. पट्टे पुसट झाले. पिवळा मधोमध पोहत होता.

नानांनी लिहिलं : ‘निळा ओळखू येत नाही.’ मग ते झोपून राहिले. दुपारी उठून त्यांनी वरणात मीठ जास्त झाल्याचं सांगितलं. ते जास्त झालेलं नव्हतं.

“नाना, तुम्ही रावेरला जाऊन या,” प्रेमराज म्हणाला. “उखर्डूकाकांच्या मुलीचं लग्न आहे शनिवारी. शुक्रवारी जा, सोमवारी या. जरा बदल.”

“टाकी?”

“मी बघतो.”

“रजिस्टर?”

“तेही बघतो.”

नानांना बरं वाटलं. पोराला घराकडं बघावंसं वाटतंय, एवढाच अर्थ त्यांनी काढला.

सोमवारी दुपारी ते परत आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार होता. सगळे पडदे ओढलेले होते, दिवा नव्हता, पंखा तेवढा फिरत होता. नाना सवयीनं चार पावलं चालले, डावीकडं वळले आणि खाटेवर बसायला खाली वाकले, तर खाली कपाटाचा कोपरा होता.

“हाई काय शे?” नाना ओरडले. दचकल्यावर ते गावच्या बोलीत जात. “ज्योती! दिवा लाव!”

“नाना, दिवा नको,” अंधारातून प्रेमराजचा आवाज आला. सोमवारी दुपारी दोन वाजता तो कामावर असायला हवा होता. “थोडा वेळ असू द्या. या, आधी जेवून घ्या.”

त्यानं त्यांच्या दंडाला धरलं आणि चालवत नेलं. नाना स्वतःच्या घरात दोनदा अडखळले. टीव्ही खिडकीत होता, देव्हारा टीव्हीच्या जागी, आणि कपडे वाळत घालायची दोरी जिथून कुठूनच जात नव्हती तिथून जात होती. खाट आत होती, मागच्या खोलीत, भिंतीला तोंड करून. तिच्यावरून दारातून फक्त फ्रिजची मागची बाजू दिसत होती.

ज्योतीनं ताट वाढलं. मांडे होते, शेवभाजी होती, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर तुपाची वाटी. दिवाळीलाही एवढं होत नसे.

“एवढं कशाला?” नाना म्हणाले.

“पोटभर खा, नाना,” प्रेमराज म्हणाला आणि समोर पाटावर बसला. त्याचं स्वतःचं ताट नव्हतं.

मांडा मोडता मोडता नानांचा हात थांबला. पोटभर खायला. अंधार. त्यांनी हॉलकडं मान वळवली. टाकी तेवढी जागेवर होती. पिवळा मधोमध होता. निळा शोधायला त्यांना वेळ लागला. नळीमागं काहीतरी राखाडी उभं होतं.

“कोणी हलवलं हे?” त्यांनी विचारलं. त्यांचं लक्ष ज्योतीकडं होतं.

“मी त्यांना म्हटलं होतं, नानांना विचारा,” ज्योती म्हणाली.

“मी हलवलं,” प्रेमराज म्हणाला. “टाकी सोडली तर एकही वस्तू जागच्या जागी नाही. मोजून बघितलं.” मग, आठवल्यासारखं करून : “रविवारी पुनाकाका येताय शिंदखेड्याहून. गाडी घेऊन.”

“कशाला?”

“सहज. त्यांचं घर मोठं आहे ना. काकू गेल्यापासून एकटेच असतात. एक खोली त्यांनी झाडून ठेवलीय म्हणे.”

“कोणासाठी?”

“अजून ठरलं नाही,” प्रेमराज म्हणाला. “आठवडाभर बघू.”

पंखा फिरत राहिला. ज्योतीनं भरीत वाढलं आणि फ्रिजला टेकून उभी राहिली. मागं नाही, पुढं. नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरतात बुडवला आणि तोंडात घातला.

भरतात मीठ नव्हतं. कमी नव्हे, एक कणही नव्हता. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत पहिल्यांदाच या घरात जेवणाला खरोखर नाव ठेवता येईल असं काही समोर आलं होतं. नानांनी तोंड उघडलं. समोर प्रेमराज त्यांच्याकडं बघत होता. रागानं नाही. रतिलाल बघायचा तसा.

नानांनी तोंड मिटलं. परत उघडलं, परत मिटलं.

“छान झालंय,” ते म्हणाले.

“अजून वाढू?” ज्योतीनं विचारलं.

“वाढ.”

त्यांनी भरीत संपवलं. ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि हात धुवायला उठले. मोरी शोधायला त्यांना थोडा वेळ लागला. तेवढ्यात मागच्या खोलीत कुणीतरी येऊन गेल्यासारखं वाटलं. स्वयंपाकघरात ज्योती भांडी गोळा करत काहीतरी गुणगुणत होती, अगदी हळू. तिची बॅग माळ्यावर होती. नानांनी ती बघितली. त्या एवढ्याशा उजेडातही त्यांना ती दिसली.

ते खाटेवर बसले. रजिस्टर उशाशीच होतं, ते कुणी हलवलं नव्हतं. बरं वाटलं. त्यांनी चष्मा लावला, फ्रिजमागच्या फटीतून येणाऱ्या उजेडात पान धरलं आणि आजची नोंद करायला जागा शोधली.

नोंद झालेली होती. अक्षर प्रेमराजचं होतं, नानांसारखंच, किंचित उजवीकडं कललेलं.

‘शनिवार. खाट, कपाट, टीव्ही, देव्हारा हलवले.’

‘सोमवार, दु. २:२०. भरतात मीठ घातले नाही. बोलले नाहीत.’

खाली, ‘चार्ज घेतला’च्या रकान्यात सही होती. शेजारचा रकाना रिकामा होता, आणि पानाच्या घडीत, टोपण काढून, पेन ठेवलेलं होतं.